साखर पेठेतलं जुनं घर : भिंत दोन फुटी, पण नळाला शॉक. घ्यावं का?

पाणीवार

नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत एक घर बघितलंय. मालक आता पुण्याला मुलाकडे असतात, किल्ली एजंटकडे. आमच्या अम्माचं बालपण त्याच बोळात गेलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला की तिला घरात बसवत नाही, त्यामुळे तिचं मत ठरलेलं. बायकोला जुळे सोलापुरात फ्लॅट हवाय. तिचंही ठरलेलं. मी मधे.

घर तीन तुकड्यांत बांधलंय. पुढची खोली दगडी भिंतीची, वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत. मधला भाग लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकलेला. मागचं स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम १९८२ चं, विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब. नकाशा फक्त मागच्या भागाचा आहे. अंगणात जमिनीखाली हौद. पुढच्या खोलीच्या छतावर १००० लिटरची काळी टाकी.

जे डोळ्यांना दिसलं ते सांगतो. पुढच्या खोलीत खिडकीजवळ फरशी खचलीय, गोटी ठेवली तर पळत जाते. त्या खोलीला पीओपीचं छत आहे आणि ते अगदी नवंकोरं. मधल्या खोलीत छतावर तांबूस रेघा, सगळ्या एकमेकींना समांतर. तिथल्याच एका भिंतीला कमरेएवढी ओल, सिमेंटचा गिलावा फुगलाय, हात लावला की पांढरी पूड येते. मधला भाग आणि मागचा भाग जिथं जुळतात तिथं खालपासून वरपर्यंत उभी भेग. आणि बाथरूमचा नळ धरला की बोटांना मुंग्या येतात. गीझर चालू असेल तर जास्त.

एजंटला विचारलं तर म्हणे, "दोन फुटी भिंत हाय साहेब, तोफ मारली तर पडत नाय." बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. त्यानं टेप लावून क्षेत्रफळ मोजलं, चार फोटो काढले, चहा घेतला नाही. घर आतून कसं आहे हे सांगणं कुणाचंच काम नाही असं दिसतंय. म्हणून इथं विचारतोय.

ओळंबा

पाणीवार, बांधकामावर ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलं, त्यातलं बरंचसं आपल्या पेठांतच. तुम्ही नीट बघितलंय, त्यामुळे सांगणं सोपं आहे.

तुम्ही लिहिलेलं एकही दुखणं घराच्या वयाचं नाही. दगड, माती, लाकूड आपल्या कोरड्या हवेत शंभर वर्षं निवांत राहतं. त्याला नंतर जे जोडलं, वर चढवलं, अंगाला लिंपलं, तिथं ते मोडतं. परत जाल तेव्हा जुन्याला नवं कुठं चिकटवलंय तेवढं बघत फिरा.

टाकीपासून धरू, कारण मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटते. माळवद म्हणजे तुळया, त्यावर सर (आडवी बारीक लाकडं), त्यावर लाकडी चिपा, पाला आणि वर मातीचा थर. गळायला लागलं की मृगाच्या आधी पांढरी माती आणून वर टाकायची, ही पद्धत. जुनी माती मात्र कुणी खाली काढत नाही. एक घनफूट माती ४५ किलोच्या आसपास भरते. १० बाय १२ च्या खोलीवर फूटभर माती धरली तर १२० घनफूट, म्हणजे साडेपाच टनांच्या जवळपास. पिढ्यानपिढ्या थर चढत गेले असतील तर दीड फूटही निघते. हे ओझं तुळयांनी झेललं, कारण ते सगळीकडे सारखं पसरलेलं होतं. त्यावर एक टन पाणी चार विटांवर, एकाच जागी. शिवाय टाकी भरून वाहिली की ते पाणी मातीतच मुरतं, आणि ओली माती कोरडीपेक्षा जड.

तुळई मधे सडत नाही. सडते ती भिंतीत गेलेली शेवटची वीतभर, कारण तिथं वारा नाही आणि भिंतीची ओल मिळते. वाळवीही तिथूनच शिरते. भिंतीला लागून पेचकस खुपसायचा. चांगल्या सागवानात तो नुसता ओरखडा काढतो. आत गेला आणि भुगा आला तर त्या तुळईवर भरवसा नको. आता तुम्ही म्हणता पीओपीचं छत नवं आहे. म्हणजे तुम्ही तुळई बघितलेलीच नाही. चारही कोपऱ्यांत हात आणि बॅटरी आत जाईल एवढे चौकोन कापू द्या, भरून देण्याचा खर्च माझा, असं मालकांना सांगा. विकायला काढलेल्या घरात आदल्या वर्षी कुणी हौसेनं छत करत नाही.

दोन फुटी भिंतीचं कौतुक मला सांगू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा धक्का सोलापुरातही सगळ्यांनी अनुभवला. तिकडे माणसं गेली ती अशाच जाड भिंती आणि जड माळवदांखाली. जाड भिंत एकसंध नसते. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मधे माती-गोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातले असतील तर भिंत उत्तम. नसतील तर मधे पाणी शिरलं की पदर सुटे होतात आणि भिंतीला पोट येतं. वरून ओळंबा सोडा आणि दर दोन फुटांवर दोरी ते भिंत अंतर मोजा. वर आणि खाली सारखं पण मधेच कमी भरत असेल तर तिथं पोट आहे. बोळातून, बाहेरच्या बाजूनंही मोजा. आतला गिलावा फसवतो.

खचलेली फरशी ऐकून मला हसू आलं. साखर पेठ, खिडकीजवळ, पुढची खोली. पूर्वी घरात हातमाग होता का विचारा. खड्डामागावर विणकर पाय खाली सोडून पावड्या दाबत बसायचा, म्हणून खिडकीच्या उजेडाला जमिनीत खड्डा असायचा. माग गेले, खड्डे विटांच्या तुकड्यांनी आणि राडारोड्यानं भरले, वर फरशी बसवली. धुमस कुणी केलं नाही. ती भर वर्षानुवर्षं बसत राहते. तसं असेल तर काळजी नाही. फरशी काढा, मुरूम पाणी मारून थराथरानं कुटा, परत बसवा. पण खचलेला भाग गोल असेल आणि अंगणाच्या बाजूला असेल तर तो बुजवलेला आडही असू शकतो, आणि त्याची गोष्ट वेगळी. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना आड कुठं होता ते नक्की माहीत असतं.

तांबूस समांतर रेघा म्हणजे गर्डरचा गंज. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ जागेच्या कितीतरी पट जागा मागतं आणि कडेची फरशी, गिलावा ढकलून देतं. गर्डरच्या खालच्या पट्टीवर हातोडीनं मारा. टणटण वाजलं तर वरवरचा गंज, घासून रंग लावला की झालं. पापुद्रे पडले तर व्हर्नियरनं जाडी मोजा, मधे आणि भिंतीजवळ. फरक दिसला तर तो गर्डर बदलायचा किंवा खालून आधार द्यायचा. वरच्या गच्चीवर कोबा फुटलाय का, कठड्याच्या कडेचा वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा) सुटलाय का, आणि कूलर कुठं ठेवत होते, हेही बघा. आपल्याकडे मार्च ते जून कूलर सज्जावर ठिबकत असतो. बरोबर त्याखालचा गर्डर गेलेला असतो.

कमरेएवढ्या ओलीचं. भिंतीच्या सगळ्या लांबीभर रेषा एका पातळीत असेल तर ती जमिनीतून चढलेली ओल, पांढरी पूड म्हणजे मातीतले क्षार. हौदाकडच्या टोकाला जास्त आणि पलीकडे कमी असेल तर हौद गळतोय. तुमचं नावच पाणीवार आहे, तर असं करा. नळाला पाणी येतं त्याच्या आदल्या दिवशी एकदा जा आणि नंतरच्या दिवशी परत जा. भरल्यावर ओल वाढली तर हौदच. पक्कं करायचं तर संध्याकाळी हौद भरून व्हॉल्व्ह बंद करा, मोटर लावू नका, खडूनं रेघ मारा आणि सकाळी बघा. झाकण बंद असताना रात्रीत बोटभर पाणी वाफेनं जात नाही.

उभी भेग आहे ती दोन वेगवेगळ्या पायांमधली. मधल्या भागाचा पाया जुना, बसून झालेला. १९८२ चा भाग नवा, आणि खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आक्रसते. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख घाला. काच तडकली तर हालचाल चालू आहे. पण हे एका आठवड्यात कळत नाही, आणि तुमच्या एजंटला घाई असणार. निदान भेगेच्या आत बघा. आतून धूळ, कोळिष्टकं, जुना रंग दिसला तर ती जुनी. स्वच्छ, ताजी वीट दिसली तर विचार करा.

शॉकबद्दल वायरमननं बोलावं. तोपर्यंत तो गीझर लावू नका आणि दुसऱ्यालाही लावू देऊ नका.

माडीवाली

ओळंबाकाका, बाकी सगळं पटलं, पण तुमचं वाचून पाणीवारदादा माळवद पाडून स्लॅब टाकायला निघतील. असं करू नका हो. आम्ही दक्षिण कसब्यात माळवदाच्या घरात राहतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना माझ्या नणंदेच्या स्लॅबच्या घरात रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम लागते. आमच्याकडे दुपारी पंख्यावर झोप लागते.

आम्ही वरची जादा माती उतरवली. उतरवताना हमाल म्हणाले, "वहिनी, वर शेत होतं की तुमच्या." नऊ इंच ठेवली, चार बोटांच्या उताराने कुटून घेतली आणि वर थोडं अंतर सोडून पत्र्याचं छप्पर केलं. आता पाऊस मातीपर्यंत पोचतच नाही. टाकी मागच्या स्लॅबवर नेली.

आणि ओलीचं सांगते. दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे ओलीला दार बंद करून वरच्या मजल्यावर पाठवणं. आमच्या घरात आधीच्या मालकांनी तसाच केला होता, तर ओल गुडघ्यावरून खांद्याला आली होती. तो खरवडून चुन्याचा केला. ओल पूर्ण गेली नाही, पण भिंत वाळत राहते आणि पोपडे धरत नाहीत. चुन्याचं काम करणारा गवंडी शोधावा लागतो, घाई करून चालत नाही. ऑइल पेंट मात्र त्या भिंतीला कधीच लावायचा नाही.

किटकॅट

वायरिंगचं माझं काम आहे म्हणून लिहितो.

जुन्या घरात अर्थिंग कुठं जोडलेलं असायचं? नळाच्या जीआय पाइपला. पाइप लोखंडी, रस्त्यापर्यंत जमिनीत पुरलेला, त्यामुळे तीच अर्थ. आता काय होलालंय बघा. रस्त्यातली लाईन बदलली, नवीन कनेक्शन प्लॅस्टिकच्या पाइपचं आलं. घरातला लोखंडी पाइप तसाच राहिला, पण जमिनीशी त्याचा संबंध तुटला. घरातल्या सगळ्या अर्थच्या तारा अजून त्या पाइपला बांधलेल्या. गीझरच्या कॉइलमधून थोडा करंट गळाला की तो जमिनीत न जाता नळात येऊन बसतो. पाणीवारसाहेब, तुमच्या मुंग्या बहुधा ह्याच. आज मुंग्या आहेत, हात ओला आणि पाय ओले असले की उद्या काहीही.

फ्यूज बोर्ड उघडून बघा, म्हणजे वायरमनला उघडायला लावा. चिनीमातीचे किटकॅट, म्हणजे जुने ओढून काढायचे फ्यूज, असतील तर फेजला एक आणि न्यूट्रलला एक, असे दोन दिसतील. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा जातो, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत. पूर्वी तशीच पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथं थेट जोड करायचा. आणि फ्यूजमध्ये तार कुठली घातलीय तेही बघा. मी जाड तांब्याची तार घातलेली बघितलीय, एका ठिकाणी तर चपलेचा खिळा.

लाकडी पट्टीवरची वायर असेल तर नुसती हलवून बघू नका, रबर वाळून कडक झालेलं असतं, हलवलं की झडतं. त्यात फेज आणि न्यूट्रल दोनच तारा असतात, तिसरी नसते. मेगर (तारेचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून मोजा. एक मेगाओमच्या खाली आलं तर त्या सर्किटवर विश्वास नको. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. पाच अँपिअरच्या जुन्या तारेवर तो चालतो म्हणून चालवायचा नसतो.

खर्चाची आशा देतो. सगळी वायरिंग एकदम करायला पैसे नसतील तर आधी अर्थचा नवीन खड्डा आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. पण एक लक्षात ठेवा, जुन्या वायरिंगवर आरसीसीबी लावली की ती सारखी पडते आणि मग लोक तिलाच वाईट म्हणून काढून टाकतात. ती पडते कारण करंट गळतोय. आणि हो, घरात पूर्वी यंत्रमाग होता का विचारा. मीटर थ्री फेज आणि बिल यंत्रमागाच्या दराचं असेल तर घरगुती करून घ्यावं लागेल. थकबाकी खरेदीच्या आधी मालकांकडून भरून घ्या.

पाणीवार

सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन आलो, सोबत वायरमन आणि अम्मा. शेजारच्या आजींनी एका वाक्यात सांगितलं, खिडकीत तिच्या सासऱ्यांच्या मित्राचा माग होता. म्हणजे खड्डामाग. आड कुठं होता तेही दाखवलं, तो अंगणातच, हौदाच्या शेजारी, आणि वर आता तुळशीवृंदावन आहे.

एजंट पीओपी कापू देईना. मालकांना पुण्याला फोन लावला तर ते सरळ हो म्हणाले, त्यांनाही बघायचं होतं म्हणे. दोन कोपरे चांगले. टाकीखालच्या कोपऱ्यात पेचकस मुठीपर्यंत आत गेला, आणि शेजारच्या तुळईतही बोटभर. गर्डर सहा, त्यातला एकच पापुद्रे पडणारा, तोही खिडकीवरचा, जिथं कूलरचा स्टँड अजून आहे. हौदाचं पाणी रात्रीत चार बोटं उतरलं. भेगेच्या आत जुना निळा रंग निघाला. वायरमननं मेनच बंद करून ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली.

आता प्रश्न दोन. मालक तयार असतील तर भावात काय धरायचं? आणि कागदाचं काय?

ओळंबा

भाव मी सांगणार नाही, पेठेतला भाव बोळागणिक बदलतो. पण कामं अशी मोजा. दोन तुळया, माती उतरवणं, माडीवाली म्हणतात तसं पत्र्याचं छप्पर (त्यांचं बरोबर आहे, मी पाडायला सांगितलंच नव्हतं). एक गर्डर. हौद रिकामा करून आतून वॉटरप्रूफिंग. जिथं गळतं ते पाणी बहुधा बुजवलेल्या आडाच्या भरीतच जात असणार, म्हणून वृंदावन कलतंय का बघा. पूर्ण वायरिंग. चुन्याचा गिलावा. ह्या सगळ्याचं लेखी कोटेशन दोन ठेकेदारांकडून घ्या आणि ते कागद मालकांसमोर ठेवा. तोंडी बोलून भाव उतरत नाही.

बाथरूमच्या स्लॅबबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. खालून हातोडीच्या दांड्यानं वाजवत जा. बद्द आवाज आला तिथं सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलंय. तेवढं बघून घ्या.

कागद. महानगरपालिका अधिनियमात कलम २६५अ आहे. इमारत तीस वर्षांची झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून स्थिरतेचा दाखला द्यायचा असतो. मालकांकडे मागा. पेठांत तो क्वचितच कुणाकडे असतो, पण मागितल्यावर बोलणं गंभीर होतं. धोकादायक इमारतीची नोटीस कधी आली होती का, हे तोंडी विचारू नका, झोन ऑफिसला जाऊन बघा. पुढच्या भागाचा नकाशा नाही म्हणून घाबरू नका. सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ ला झाली, त्याआधीचं बांधकाम नगरपालिकेच्या काळातलं. प्रॉपर्टी कार्ड, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि मिळाला तर जुना खरेदीखताचा चतुःसीमेचा मजकूर एकत्र लावा. सामाईक भिंत कुठली, हे त्यातच निघतं. शेजारी बांधायला काढणार आहेत का तेही विचारा. दगडी भिंतीला लागून कुणी तळघराचा खड्डा खणला तर तुमच्या तुळया कितीही चांगल्या असून उपयोग नाही.

सांडपाण्याचं, संडासात नीळ टाकून पाणी सोडा आणि बोळातल्या चेंबरमध्ये बघा. निळं पाणी तुमच्या चेंबरमधून गेलं पाहिजे, शेजाऱ्याच्या नाही.

पाणीवार

नीळ उद्याच. बायको म्हणते, एवढं करून घर घेणार असाल तर गिलाव्याचा रंग मी ठरवणार. अर्धा होकार धरतो. स्टेअरिंग अम्माकडे आहे.

टाकीचं काय करू? खरेदी व्हायला दीड-दोन महिने जातील.

ओळंबा

मालकांना आजच फोन करा आणि टाकी रिकामी करायला सांगा. घर तुम्ही घ्या नाहीतर आणखी कुणी घेवो. आणि त्या खोलीत तोवर एजंटला गिऱ्हाईक घेऊन उभं राहू देऊ नका.